गोव्यातल्या घरात एसीचा फिल्टर निवडताना: आधी ओल, मग धूळ

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीवर, पाणी टपकायला लागलं. डिचोलीतलं घर, सोप्यावर स्लॅब, त्यामुळे कौल फुटलं असेल हा संशय नव्हताच. थेंब येत होते फॉल्स सीलिंगच्या सांध्यातून, आधी माटोळीतल्या कवंडळाच्या फळावर आणि तिथून थेट गणपतीच्या पाटाशेजारी. आईने आधी खाली परात सरकवली, मग मला हाक मारली. सणाच्या दिवशी एसीवाला मिळणं म्हणजे नशीब, पण आला बिचारा. त्याने सीलिंगचं झाकण उघडलं तर आतली कॉइल पांढरीशुभ्र, बर्फाने गच्च. "वारोच येना मरे," म्हणत त्याने रिटर्न ग्रिलमधला, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडे परत जाते त्या जाळीमागचा, फिल्टर खेचून बाहेर काढला.

तो फिल्टर आठवड्यापूर्वी मीच हौसेने बसवून घेतला होता. "हॉस्पिटलात हाच लावतात," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. तीन टनांच्या मशीनला त्यातून पुरेशी हवा ओढता येईना. हवा कमी झाली तशी कॉइल शून्याखाली गेली, तिच्यावर जमणारं पाणी गोठलं, बर्फाने उरलीसुरली वाटही बंद केली. रात्री मशीन बंद केल्यावर सगळा बर्फ एकदम वितळला आणि ट्रेला न पेलवून सीलिंगवर सांडला.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला, आमचं घर दुरुस्त केलं, फोंड्यातल्या बहिणीचं केलं आणि आता नातेवाईक विचारतात म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो आहे. गोव्यात हीटिंगचा प्रश्न नाही. गरम-थंड दोन्ही करणारं मशीन घेतलं असेल तरी फिल्टर तोच आणि नियमही तेच.

पहिलं काम: आपल्याकडे मशीन कोणतं आहे ते बघा

सगळी निवड इथून सुरू होते आणि बहुतेकांची चूकही इथेच होते.

भिंतीवरचा स्प्लिट एसी असेल तर त्याच्या आतला लांबट ब्लोअर हवा फिरवण्यापुरता बनवलेला असतो, अडथळ्यातून खेचण्यासाठी नाही. झाकण उघडल्यावर दिसणारी प्लास्टिकची जाळी केस, कापसाचे तंतू आणि जाड धूळ अडवते. तिचा उद्देश कॉइल स्वच्छ राहावी एवढाच. त्या जाळीवर मलमलचं कापड, मास्कचा कागद किंवा ऑनलाइन मिळणारी चिकटवायची शीट लावू नका. जाळीवर बसवलेली, अतिबारीक कण अडवते म्हणवणारी दोन बोटं रुंदीची "पीएम २.५" पट्टी तर मला निव्वळ दुकानदारी वाटते: हवा पट्टीच्या बाजूने मोकळी वाट असताना तिच्यातून का जाईल? स्प्लिटवाल्यांनी एसीचा फिल्टर "वाढवण्याच्या" फंदात न पडता खोलीत वेगळा एअर प्युरिफायर ठेवावा. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

छतातल्या कॅसेट युनिटचंही जवळपास तसंच. काही मॉडेलांना कंपनीचाच जास्त दर्जाचा फिल्टर मिळतो. तो त्या मॉडेलसाठी आहे असं पुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच घ्या.

खरा निवडीचा प्रश्न येतो डक्टवाल्या मशीनला. पर्वरी, दोना पावला, ताळगाव अशा ठिकाणच्या नव्या बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर एक युनिट, त्यातून डक्ट आणि हवा परत जाण्यासाठी एक मोठी रिटर्न ग्रिल असते. फिल्टर त्या ग्रिलच्या मागे बसतो. पुढचं बरंचसं याच मंडळींसाठी आहे.

एक सावधगिरी जुन्या घरांसाठी. मंगळुरी कौलं, माळा नाही, राजांगणाकडे उघडणारी दारं, अशा खोलीत कुठलाही फिल्टर फारसं काही करू शकत नाही. कौलांच्या फटींतून बाहेरची हवा सतत आत येत असते. अशा घरात एक झोपायची खोली निवडा, तिला सीलिंग घाला, दाराखालची फट बंद करा आणि तेवढ्याच खोलीचा विचार करा.

ओल मोजल्याशिवाय फिल्टर विकत घेऊ नका

उत्तरेकडच्या लेखांत सगळा भर धुळीवर आणि धुरावर असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या जवळ असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. एसी १९ वर लावून दार उघडं ठेवलं की ग्रिल ठिबकते ती यामुळेच. आणि ओल्या फिल्टरवर अडकलेली धूळ म्हणजे बुरशीला वाढून ठेवलेलं पान.

म्हणून आधी एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, घ्या. स्वस्तातला चालेल, पण तो खोटं बोलतो का ते तपासून घ्या. तपासणी स्वयंपाकघरातच होते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात इतकंच पाणी टाका की मीठ ओल्या वाळूसारखं होईल, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत ठेवून पिशवी रात्रभर खोलीत सोडा. सकाळी काटा ७५ टक्क्यांवर असायला हवा, कारण संतृप्त मिठाच्या वरची बंदिस्त हवा तेवढ्यावरच स्थिर होते. माझा ८१ दाखवत होता. मी त्याच्या पाठीवर "६ वजा" असं पेनाने लिहून ठेवलं आणि तोच आजही वापरतो.

आता एसी चालू असताना खोलीची आर्द्रता ६० च्या खाली येते का ते बघा. येत असेल तर फिल्टरचा विचार पुढे न्या. येत नसेल तर कितीही भारी फिल्टर आणा, चार-सहा आठवड्यांत त्याला वास यायला लागेल. अशा वेळी हे बघावं: मशीन खोलीपेक्षा फार मोठं आहे का? दोन टनांचं मशीन लहान खोली दहा मिनिटांत थंड करतं, बंद पडतं आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. ड्रेन पाइपला उतार आहे का? डक्टमधला पंखा सतत "ऑन" वर आहे का? कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा घरात येतं. पावसाळ्यात पंखा "ऑटो" वर ठेवा. मशीन दिवसभरासाठी बंद करायचं असेल तेव्हा मात्र शेवटी पंधरा-वीस मिनिटं नुसता पंखा चालवून कॉइल सुकवा. थोडी ओल खोलीत येईल, पण कॉइल आणि फिल्टर रात्रभर भिजत पडण्यापेक्षा ती परवडली.

फिल्टर बदलण्याआधी टॉर्च घेऊन हवा सोडणाऱ्या ग्रिलच्या पट्ट्यांवर उजेड मारा. काळे ठिपके दिसले तर बुरशी आत, फिल्टरच्या पुढच्या बाजूला, ब्लोअरवर आणि कॉइलवर बसलेली आहे. ती धुऊन घेतल्याशिवाय नवा फिल्टर म्हणजे घाणेरड्या माठावर नवं फडकं. डक्टच्या आतून काचतंतूंचं अस्तर असेल आणि ते भिजलं असेल तर धुण्याच्या फंदात न पडता तेवढा तुकडा बदलायला सांगा.

धूळ कसली आहे?

पांढरं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर, पाऊस लागणार नाही अशा जागी तीन दिवस ठेवा. दुसरं एक घराच्या आत कपाटाच्या माथ्यावर.

आमच्या डिचोलीत बाहेरचं फडकं तांबडं निघतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि खनिजाचे ट्रक थांबले, तेव्हा मधली काही वर्षं फडकं फिकट निघायचं. खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्यावर रंग परत आला. ही तांबडी धूळ, चिऱ्यांच्या कच्च्या भिंतीची माती, रस्त्याच्या कामाची खडी हे सगळं बहुतांशी जाड कणांचं असतं, काही मायक्रॉनपासून वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अशी धूळ साधा, मध्यम दर्जाचा फिल्टर चांगली पकडतो. वास्कोत बंदरातल्या कोळशाच्या हाताळणीवरून लोकांची जुनी तक्रार आहे. तिथलं किंवा महामार्गालगतच्या घरातलं फडकं काळं आणि बोटांना तेलकट लागतं. त्यात डिझेलच्या धुराचे कण असतात आणि ते एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड धरला, तर यांची बारीकी लक्षात येईल. त्यांच्यासाठी वरचा दर्जा लागतो.

आतलं फडकं बाहेरच्यापेक्षा काळं निघालं तर कारण घरातच आहे. डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती, चुलीवरचं पाणी तापवणं, चिमणी नसलेला गॅस. कॉइलच्या जागी मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी बसवली तर होणारा फायदा कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा असतो, आणि स्वस्तही. देवघर एसीच्या रिटर्न ग्रिलसमोर असेल तर अगरबत्तीची जागा बदला. आमच्याकडे यावर आठवडाभर चर्चा झाली, शेवटी समई जागेवर राहिली आणि उदबत्त्या तुळशीपाशी गेल्या.

दर्ज्याचे आकडे वाचायचे कसे

बाजारात तीन-चार पद्धतींचे आकडे एकत्र फिरतात, म्हणून गोंधळ होतो.

मर्व्ह ही अमेरिकी पद्धत. घरगुती वापरात ८, ११ आणि १३ एवढेच आकडे कामाचे. मर्व्ह ८ हा ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण पकडतो, पण १ ते ३ मायक्रॉनच्या कणांबाबत त्याची हमी फक्त २० टक्के. मर्व्ह ११ ला हेच आकडे ८५ आणि ६५. मर्व्ह १३ ला ९० आणि ८५, शिवाय ०.३ ते १ मायक्रॉनचे, म्हणजे धुराच्या जातीचे, किमान निम्मे कण तो अडवतो.

आपल्याकडचे फिल्टर बनवणारे अजून जुन्या युरोपीय भाषेत बोलतात: जी४, एम५, एफ७. ढोबळ मानाने जी४ म्हणजे मर्व्ह ७-८ आणि एफ७ म्हणजे मर्व्ह १३ च्या आसपास. नवीन आयएसओ १६८९० पद्धतीत पीएम १, पीएम २.५ आणि पीएम १० यांपैकी कशाचे किती टक्के कण अडतात ते लिहिलेलं असतं. वाचायला ही पद्धत सर्वांत सरळ. आणि चौथी पद्धत म्हणजे "साहेब, पाच मायक्रॉनचा आहे". या वाक्याला अर्थ नाही. पाच मायक्रॉनचे किती टक्के? ते न सांगता नुसता मायक्रॉन सांगणाऱ्याकडून मी घेत नाही.

हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. नाव ऐकून हरखून जाऊ नका. हेपातून हवा ढकलायला साधारण २५० पास्कल दाब लागतो आणि घरगुती डक्टच्या पंख्याकडे तो नसतो. हेपाची जागा प्युरिफायरमध्ये, कारण तिथला पंखा त्याच्यासाठीच बनवलेला असतो.

मशीनला झेपेल किती: दोन हिशेब

हे दोन हिशेब मी चवथीच्या आधी केले असते तर परात लागली नसती.

पहिला दाबाचा. डक्ट युनिटच्या पुस्तिकेत "एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर" नावाची ओळ असते, म्हणजे मशीनबाहेरच्या अडथळ्यांतून हवा ढकलायला पंख्याकडे किती दाब आहे ते. समजा तिथे ५० पास्कल लिहिलंय. त्यातले २५-३० डक्ट, वळणं आणि ग्रिल खाऊन टाकतात. फिल्टरसाठी उरले २०-२५. फिल्टर मळला की त्याचा अडथळा सहज दुप्पट होतो, म्हणून कोरा असताना तो १० ते १२ पास्कलचाच हवा. मी आणलेला फिल्टर कोरा असतानाच १०० च्या घरातला होता. पुस्तिका हरवली असेल तर युनिटच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन डीलरला विचारा. हा आकडा सांगता येत नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारा.

दुसरा हिशेब तोंडाच्या रुंदीचा, आणि मार्गही यातूनच निघतो. एक टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. दमट हवेत ती ३५० पर्यंत खाली आणलेली चालते, उलट ओल जरा जास्त निघते. त्याखाली मात्र नको. तीन टनांना झाली १२०० घनफूट. फिल्टरच्या तोंडावर हवेचा वेग मिनिटाला ३०० फुटांच्या आसपास असला की अडथळा कमी राहतो आणि शिट्टीही वाजत नाही. १२०० ला ३०० ने भागा: चार चौरस फूट. म्हणजे २४ बाय २४ इंचांची ग्रिल. आमची होती २० बाय २०, पावणेतीन चौरस फुटांची, वेग ४३० च्या वर.

सुताराने एका दिवसात प्लायवुड कापून ग्रिल मोठी केली. त्याच खर्चात दुसरी रिटर्न ग्रिल जेवणाच्या खोलीतून काढता आली असती तर ते आणखी चांगलं झालं असतं, पण तिथे तुळई आडवी आली.

तोंड मोठं करता येत नसेल तर फिल्टरची जाडी वाढवा. एक इंच जाडीच्या घडीदार फिल्टरपेक्षा त्याच दर्जाच्या चार इंच जाडीच्या फिल्टरमध्ये घड्या उलगडल्या तर कितीतरी जास्त कापड निघतं, हवा पसरून जाते आणि अडथळा उतरतो. वर चार-साडेचार इंचांची जागा आहे का ते मात्र आधी मोजा.

मग घ्यायचा कुठला?

माझं मत सांगतो. गोव्यातल्या बहुतेक डक्ट मशीनला जी४ किंवा मर्व्ह ८ पुरतो. ग्रिल रुंद आहे, चार इंचांची जागा आहे आणि पुस्तिकेतला दाब ८०-१०० पास्कल आहे, तर मर्व्ह ११ घ्या. मर्व्ह १३ महामार्गालगत किंवा बंदराजवळ राहणाऱ्यांनी, आणि तोही तंत्रज्ञाने दाब मोजून होकार दिल्यावरच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर सगळ्या घराची हवा गाळायच्या मागे लागण्यापेक्षा त्या माणसाच्या खोलीत चांगला प्युरिफायर ठेवा आणि बाकी डॉक्टरांना विचारा.

दर्जाइतकंच लक्ष चौकटीकडे द्या. पुठ्ठ्याची चौकट जुलैमध्ये पापडासारखी वाकते आणि बाजूने फट पडते. जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची) चौकट किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत गंजते. अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिकची चौकट आणि आत सिंथेटिक कापड, हीच जोडी आपल्याकडे टिकते. खारी हवा बाहेरच्या युनिटला जी गंज चढवते तिच्यावर आतल्या फिल्टरचा काही उपाय नाही.

वासासाठी कार्बनचा थर मिळतो. तो कण पकडत नाही, वायू आणि वास शोषतो. पण आपल्या पावसाळ्यात त्याची शोषण्याची बरीच ताकद हवेतल्या वाफेवरच खर्च होते. मी घेत नाही. ओझोन सोडणारं कुठलंही यंत्र घरात आणू नका, ओझोन फुप्फुसांना त्रास देतो. कॉइलवर लावायचा यूव्ही दिवा ज्या पृष्ठभागावर उजेड पडतो तिथली बुरशी रोखतो, वाहत्या हवेतली धूळ नाही. लावलाच तर झाकण उघडताच तो बंद होईल असं बटण बसवून घ्या, डोळ्यांना तो घातक असतो.

माप आणि बसवणं

जुन्या फिल्टरवर छापलेलं माप घेऊन दुकानात जाऊ नका. ६१० बाय ६१० म्हणून विकला जाणारा फिल्टर प्रत्यक्षात ५९२ किंवा ५९५ भरतो. टेप घेऊन खाच मोजा, चारी बाजू आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, फोटो काढा. मापाचा फिल्टर बनवून मिळतो, आणि दोन एकदम सांगितले तर दुसरा पुढच्या खेपेला उपयोगी पडतो.

बसवण्याआधी रिटर्न ग्रिलच्या आतली पोकळी टॉर्चने बघा. अनेक घरांत ती नुसती जिप्समची पेटी असते आणि सांधे उघडे असतात. मग मशीन फिल्टरमधून थोडी हवा घेतं आणि सीलिंगवरच्या माळ्यातून उरलेली: उंदरांच्या लेंड्या, सिमेंटची पूड, पाल, सगळ्यासकट. दहापैकी एक भाग हवा फटीतून गेली तर ८५ टक्क्यांचा फिल्टर ७६-७७ वर येतो. सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने किंवा मॅस्टिकने बंद करा. कापडी चिकटपट्टी वापरू नका, ती पहिल्याच पावसाळ्यात सुटते. चौकटीला चारी बाजूंनी फोमची पट्टी लावा. चौकटीवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे मशीनकडे.

नंतर पंखा चालू करून पेटती अगरबत्ती चौकटीच्या कडेकडेने फिरवा. धूर फिल्टरच्या पोटात हळू शिरला तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात दोरा ओढल्यासारखा सर्रकन आत गेला तर तिथे फट आहे.

शेवटची तपासणी तापमानाची. जुना फिल्टर काढून, काहीही न लावता, मशीन पंधरा मिनिटं चालवा. परत जाणाऱ्या हवेचं आणि ग्रिलमधून येणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने लिहून घ्या. फरक साधारण ८ ते १२ अंश असतो. आता नवा फिल्टर लावून पुन्हा पंधरा मिनिटांनी बघा. फरक अंशभर वाढला तर चालेल. तीन-चार अंशांनी वाढला, किंवा येणारी हवा ८ अंशांच्या खाली गेली, तर हवा कमी पडतेय. फिल्टर काढा आणि खालचा दर्जा घ्या. दुकानदार म्हणेल, "बघा साहेब, किती गार हवा येते!" माझ्याही दुकानदाराने हेच म्हटलं होतं.

स्प्लिट असेल तर प्युरिफायरचा हिशेब

खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. १२ बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. पाचपट म्हणजे २०५. प्युरिफायरच्या खोक्यावरचा सीएडीआर (तो स्वच्छ हवा किती देतो तो आकडा) ताशी एवढे घनमीटर तरी हवा. तो आकडा सगळ्यात वरच्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला झोप येत नाही, म्हणून ३०० च्या आसपासचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. एसीच्या झोताखाली किंवा पडद्यामागे ठेवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपण रात्री एसी लावत नाही, खिडक्या उघड्या ठेवतो. डक्टमधला फिल्टर तेव्हा झोपलेलाच असतो, कारण मशीन चालल्याशिवाय त्यातून हवा जात नाही. त्या महिन्यांत डक्टवाल्यांनाही लहान प्युरिफायर उपयोगी पडतो, खिडकी बंद करायची तयारी असेल तर.

पीएम २.५ दाखवणारं छोटं यंत्र घेतलंत तर एक लक्षात ठेवा: भर पावसात उघड्या खिडकीपाशी ते फुगवून सांगतं, ओलाव्याने फुगलेले कण त्याला मोठे दिसतात. आकड्याला जीव लावण्यापेक्षा त्याच खोलीत आधी आणि नंतर किती फरक पडला ते बघा. तुलनेसाठी, भारताचं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅमचं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं, २०२१ पासून, १५ चं.

वर्षाचं वेळापत्रक

स्प्लिटची जाळी दर पंधरवड्याला, नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडून, जुन्या टूथब्रशने. गरम पाणी नको, वाळवायची सावलीत.

डक्टचा धुता येणारा जी४ दर महिन्याला. जुलैत तो वाळायला दोन दिवस लागतात आणि ओला बसवला तर सगळं मुसळ केरात, म्हणून दोन संच ठेवा: एक मशीनमध्ये, एक पंख्याखाली. घडीदार फिल्टर कधीही धुऊ नका. त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार पाण्याने जातो आणि दिसायला स्वच्छ, कामाला निकामी असा फिल्टर हातात राहतो.

घडीदार फिल्टर मी वर्षातून तीनदा बदलतो. एकदा मेच्या अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे उन्हाळ्याची तांबडी धूळ घेऊन तो पावसात भिजत बसत नाही. दुसऱ्यांदा चवथीच्या साफसफाईत. तिसऱ्यांदा दिवाळीनंतर आठवड्याने, नरकासुराचे पुतळे जळून आणि फटाके संपून हवा निवळल्यावर. आधी बदलला तर नवा कोरा फिल्टर पहिल्याच पहाटे काळा होतो. मधल्या काळात महिन्यातून एकदा तो काढून ट्यूबलाइटसमोर धरा. उजेड अजिबात दिसेना झाला की बदला. नुसता करडा झाला म्हणून घाई करू नका, थोडा मळलेला फिल्टर उलट जरा जास्तच पकडतो. पावसाळ्यात मात्र डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवा: ओल्या गोणपाटासारखा वास आला तर तो कितीही स्वच्छ दिसो, टाकून द्या.

बदललेल्या प्रत्येक फिल्टरच्या चौकटीवर मी आता मार्करने तारीख लिहितो, आणि खाली त्या दिवशी मोजलेला तापमानातला फरक. परवा काढलेल्यावर आईने माझ्या अक्षराशेजारी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: "माटोळी बांधण्याआधी बघणे."